दिवसातून चहा किती वेळा? दात किडण्यामागचा साधा हिशोब आणि रोजच्या सवयी

मागच्या पावसाळ्यात एका रात्री दीड वाजता मी शिरवळच्या घरी लॅपटॉपसमोर बसलो होतो. कंपनी पुण्यात, पण आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करतो. त्या रात्री रिलीज होतं. सगळं नीट चाललेलं असताना खालच्या डाव्या दाढेतून एक कळ उठली, कानापर्यंत गेली आणि उजाडेपर्यंत थांबलीच नाही. लवंग दाबून धरली, गोळी घेतली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये दिसलं की कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली आहे. रूट कॅनॉल, त्यावर कॅप, तीन फेऱ्या आणि साडेआठ हजार रुपये.

पैशांपेक्षा वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. त्याआधी जवळजवळ आठ महिने थंड पाणी प्यायलं की त्याच दाढेत सळक मारायची. फोनने ‘स्टोरेज भरत आलंय’ असं सांगितलं, तर मी त्याच दिवशी जुने व्हिडिओ उडवतो. बॅटरी हेल्थ किती टक्के आहे हे मला पाठ असतं. पण दाढ आठ महिने सांगत होती आणि मी डाव्या बाजूने चावणं बंद करून मोकळा झालो. फोनची बॅटरी बदलून मिळते. दुधाचे दात पडले की कायमचे दात एकदाच येतात.

मी डॉक्टर मॅडमना म्हणालो, “मी रोज ब्रश करतो, मिठाई फारशी खात नाही. मग कीड कशी लागली?” त्यांनी उलट विचारलं, “दिवसातून चहा किती वेळा होतो?”

आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

दात किडतो म्हणजे नेमकं काय होतं?

दाताचं बाहेरचं आवरण म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. तो मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटपासून बनलेला असतो. कठीण असला तरी एका गोष्टीपुढे तो टिकत नाही, ती म्हणजे आम्ल.

दातांवर जो चिकट, बुळबुळीत थर जमतो त्याला प्लाक म्हणतात. त्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. आपण साखर किंवा मैद्याचं काही खाल्लं की हे जिवाणू त्यावर ताव मारतात आणि आम्ल तयार करतात. तोंडाचा पीएच साधारण ७ च्या आसपास असतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच प्लाकमधला पीएच खाली येतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं.

मग सगळ्यांचेच दात वर्षभरात का संपत नाहीत? कारण लाळ. लाळ आम्ल पातळ करते, त्याचा जोर मारते आणि विरघळलेलं कॅल्शियम-फॉस्फेट दातात परत भरते. पण तिला वेळ लागतो. एकदा गोड खाल्लं की पीएच मूळ पातळीवर यायला साधारण अर्धा ते एक तास जातो.

म्हणजे दातावर दिवसभर दोन कामं आलटून पालटून चालू असतात: झीज आणि दुरुस्ती. दुरुस्तीपेक्षा झीज जास्त होत राहिली की काही महिन्यांत खड्डा पडतो. त्यालाच आपण कीड म्हणतो. दातात कुठलीही अळी नसते.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं

सर्व्हरचं उदाहरण घ्या. एकदम मोठा लोड आला आणि गेला, तर सर्व्हर सावरतो. पण दर काही मिनिटांनी छोट्या छोट्या रिक्वेस्ट येतच राहिल्या, तर त्याला मोकळा वेळच मिळत नाही. दातांचंही तसंच आहे.

माझा तेव्हाचा दिवस लिहून काढला तो असा:

- सकाळी ७ : चहा आणि दोन बिस्किटं
- ९ : नाश्ता, पुन्हा चहा
- ११ : स्टँड-अप मीटिंग संपल्यावर चहा
- १:३० : जेवण, नंतर गोड बडीशेप
- ३:३० : चहा
- ५ : मित्रासोबत हायवेच्या टपरीवर चहा आणि क्रीमरोल
- ७ : फरसाण, थोडा चहा
- ९:३० : जेवण
- ११ नंतर : रील्स बघत चॉकलेट किंवा कोल्ड्रिंक

नऊ वेळा. प्रत्येक वेळी ४० मिनिटं धरली तरी ३६० मिनिटं होतात. म्हणजे दिवसाचे सहा तास माझे दात आम्लात होते. तेवढंच सगळं मी चार वेळात खाल्लं असतं तर हाच आकडा १६० मिनिटांवर आला असता. प्रत्येकाची लाळ वेगळी, त्यामुळे मिनिटं पुढेमागे होतील. पण हिशोबाची दिशा तीच राहते.

यात फोनचाही हात आहे. स्क्रीनकडे बघत आपण जे खातो-पितो ते लांबत जातं. पाच मिनिटांत संपणारी कोल्ड कॉफी मी दीड तास एकेक घोट घेत पितो. दाताच्या दृष्टीने ती एक कॉफी नसते, दीड तास चाललेला हल्ला असतो. ‘झिरो शुगर’ कोल्ड्रिंकमध्ये साखर नसली तरी ते स्वतःच चांगलं आंबट असतं, त्यामुळे तिथेही सुटका नाही.

चहा सोडा असं मी सांगणार नाही. शिरवळमध्ये राहून मला स्वतःलाच ते जमणार नाही. मी एवढंच केलं:

१. चहा नाश्त्याबरोबर किंवा जेवणाच्या वेळेजवळ आणला. मधले दोन बिनसाखरेचे केले. पहिला आठवडा तोंड वाकडं झालं, नंतर सवय झाली.
२. जे प्यायचं ते दहा मिनिटांत संपवायचं. टेबलवर कप ठेवून तासभर घोट घेत बसायचं नाही.
३. गोड खाल्लं किंवा चहा झाला की साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची.
४. मध्ये भूक लागली तर शेंगदाणे, फुटाणे किंवा काकडी. बिस्किट आणि चिप्स दाढांच्या खाचांत चिकटून बसतात, म्हणून ते टाळायचे.

रात्रीचा ब्रश सगळ्यात महत्त्वाचा

आपल्याकडे बहुतेक घरांत सकाळी उठल्यावर दात घासतात आणि विषय तिथेच संपतो. पण झोपेत लाळ खूप कमी होते. म्हणजे दुरुस्ती करणारा माणूस रात्रभर रजेवर असतो. अशा वेळी दातांवर जेवण आणि चॉकलेटचा थर ठेवून झोपलो, तर जिवाणूंना सात तास मोकळं रान मिळतं.

एमआयडीसीत शिफ्टला जाणारे माझे मित्र विचारतात, “आम्ही सकाळी झोपतो, मग आम्ही कधी घासायचे?” तुमची झोप जेव्हा असेल त्याआधी. घड्याळात किती वाजले याला महत्त्व नाही.

लक्षात राहत नसेल तर माझी युक्ती वापरा. आपण झोपताना एक गोष्ट कधीच विसरत नाही, फोन चार्जिंगला लावणं. चार्जर मी बेसिनजवळच्या सॉकेटला नेऊन ठेवला. ब्रश झाल्याशिवाय फोन चार्जिंगला लावायचा नाही, एवढाच नियम. कुठलंही ॲप लागलं नाही.

ब्रश करण्याची पद्धत

- ब्रश मऊ दातांचा घ्या. ‘हार्ड’ ब्रशने जोर लावून घासलं तर हिरड्या खाली सरकतात आणि दाताचा नाजूक भाग उघडा पडतो.
- ब्रश हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे थोडा तिरका, साधारण ४५ अंशांत धरा. छोटे छोटे गोल फिरवा. करवतीसारखं आडवं घासू नका.
- वेळ दोन मिनिटं. तोंडाचे चार भाग करा, प्रत्येकाला ३० सेकंद. एकदा फोनवर टायमर लावून बघा. मला वाटायचं मी भरपूर वेळ घासतो, पहिल्या दिवशी ४० सेकंद भरले.
- पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर लागत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच.
- शेवटी फेस थुंकून टाका, पण लगेच तांब्याभर पाण्याने चुळा भरू नका. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहिलं तर जास्त उपयोग होतो.
- लिंबू सरबत, कोल्ड्रिंक झाल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. आम्लाने एनॅमल मऊ झालेलं असतं. आधी पाण्याने चूळ भरा, अर्धा तास थांबा.
- ब्रश तीन-चार महिन्यांनी बदला. केस फाकले असतील तर त्याआधीच.

पेस्ट घेताना समोरची जाहिरात सोडा आणि मागचं लेबल वाचा. त्यावर फ्लोराइडचा उल्लेख शोधा. दुरुस्तीच्या वेळी फ्लोराइड दातात मिसळलं की तयार होणारा थर आम्लाला जास्त दाद देत नाही. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. अनेक ‘हर्बल’ पेस्टमध्ये ते अजिबात नसतं. एक अपवाद लक्षात ठेवा. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलातच फ्लोराइड जास्त आहे आणि तिथे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. अशा गावातले असाल तर पेस्ट डॉक्टरांना विचारून निवडा.

दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे दिवसातून एकदा फ्लॉस फिरवा. टाचणी, सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी हे प्रकार मात्र बंद. त्यांनी हिरडी फाटते.

ब्रश करताना रक्त येतं म्हणून काहीजण घासणंच सोडतात. बहुतेक वेळा ते रक्त हिरडीला सूज असल्याची खूण असते आणि सूज प्लाकमुळे येते. घासणं सोडलं की ती वाढते. मऊ ब्रशने चालू ठेवा. आठ-दहा दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. “दात साफ करून घेतले की हलायला लागतात” हेही खरं नाही. जमलेलं कीट काढल्यावर फटी मोकळ्या होतात, म्हणून तसं वाटतं.

तोंडाला वास का येतो?

बहुतेक वेळा कारण पोटात नसतं, तोंडातच असतं. जिभेच्या मागच्या भागावर पांढरट थर जमतो. तिथले जिवाणू अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी कुजवतात, त्यातून गंधकयुक्त वायू निघतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. सकाळी वास जास्त येतो, कारण रात्रभर लाळ कमी असते. उपवासाला आणि पाणी कमी प्यायल्यावरही हेच होतं.

म्हणून ब्रशबरोबर टंग क्लीनर हवा. मागून पुढे, हलक्या हाताने, तीन-चार वेळा. आणि दिवसभर पाणी.

कांदा-लसणाचं प्रकरण वेगळं आहे. लसणातला एक गंधकयुक्त घटक पचनानंतर रक्तात जातो आणि श्वासावाटे फुप्फुसांतून बाहेर येतो. ठेचा खाऊन कितीही ब्रश केला तरी तो काही तास राहणारच. इंटरव्ह्यू असेल त्या दिवशी ठेचा संध्याकाळी खा.

मिंटच्या गोळ्यांबद्दल सावध राहा. वास झाकण्यासाठी आपण दिवसभर साखरेची गोळी चघळतो, म्हणजे वरच्या यादीत आणखी चार-पाच हल्ले वाढवतो. लवंग किंवा वेलदोडा चघळा, नाहीतर बिनसाखरेचं च्युइंगगम घ्या. गम चघळल्याने लाळही वाढते.

स्वतःच्या तोंडाचा वास आपल्याला सहसा कळत नाही, नाक त्याला सरावतं. मनगट चाटा, दहा सेकंद सुकू द्या, मग वास घ्या. अंदाज येईल. सगळं नीट करूनही दोन-तीन आठवडे वास जात नसेल, तर हिरड्या, टॉन्सिल, सायनस किंवा साखरेचा त्रास असू शकतो. तपासून घ्या.

रील्समधले उपाय

लिंबू आणि खायचा सोडा: लिंबाचं आम्ल एनॅमल विरघळवतं. पहिल्या दिवशी दात चकचकीत दिसतात, पण ती झीज असते. कोळशाची पावडर: खरखरीत असल्याने दात घासला जातो, आणि पांढरं एनॅमल पातळ झालं की आतला पिवळसर थर उलट जास्त दिसतो. आपल्या गावाकडची राखुंडी याच जातीची.

इलेक्ट्रिक ब्रश घ्यावा का? कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली घेतलेल्या आढाव्यात साध्या ब्रशपेक्षा इलेक्ट्रिक ब्रशने प्लाक आणि हिरड्यांची सूज काहीशी जास्त कमी झाल्याचं दिसलं. बजेट असेल तर घ्या. पण २० रुपयांचा मऊ ब्रश रोज दोनदा, दोन मिनिटं वापरलात तर काम होतं. ब्लूटूथने फोनला जोडणारा ब्रश तुमच्याऐवजी दात घासत नाही.

आजीची मिश्री

माझी दाढ बरी झाल्यावर मी महिन्यातून एकदा फोनने तोंडाचे फोटो काढायला लागलो. मागचा कॅमेरा, टॉर्च चालू. एकदा आजी बघत होती. म्हणाली, “माझं बी काढ की.”

गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा होता. बोट फिरवून पुसला जात नव्हता.

आजी मिश्री लावते. सातारा-सांगलीकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. काही घरांत तिला मशेरी म्हणतात. नाव दात घासण्याचं, पण दिवसातून चार-पाच वेळा लागते ती निकोटिनच्या सवयीने. तंबाखू भाजली म्हणून तिच्यातले कर्करोगाला कारण होणारे घटक जात नाहीत. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे. पण ती बंदी कारखान्याला लागू होते, घरातल्या तव्याला नाही.

“आरं, चाळीस वर्सं लावतीया मी. काय झालं मला?” आजी म्हणाली. दोन आठवडे समजूत काढण्यात गेले. शेवटी तिला डेंटल कॉलेजमध्ये नेलं, तिथे तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता. पण पुढे त्यात रूपांतर होऊ शकतं अशा प्रकारचा चट्टा होता. मिश्री बंद करा आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असं सांगितलं. रिपोर्ट येईपर्यंतचे ते आठ दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

आजीने मिश्री सोडली आहे, असं ती म्हणते. भाकरी झाल्यावर तिचा हात अजून फळीवरच्या डबीकडे जातो. डबीत आता भाजलेली बडीशेप आहे.

म्हणून ही तपासणी करा. स्वतःची, आणि घरातल्या तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीवाल्या माणसाची नक्की:

- आरशासमोर किंवा फोनच्या टॉर्चने दोन्ही गालांच्या आत, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली आणि टाळू बघा.
- पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेला अल्सर दिसला तर डॉक्टर गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाहीच.
- तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील आणि तिखट सहन होत नसेल, तर गुटखा-सुपारीमुळे तोंड आखडत चाललेलं असू शकतं.
- दर महिन्याला त्याच कोनातून फोटो काढून एका अल्बममध्ये ठेवा. बदल लगेच दिसतो.

फोटो हे निदान नाही. फोटोवरून ‘काही नाही’ असंही ठरवू नका. त्याचा उपयोग एवढाच, की डॉक्टरकडे आठ महिने उशिरा जाण्याऐवजी आठ दिवसांत जाल. खर्चाची भीती असेल तर जवळच्या डेंटल कॉलेजमध्ये चौकशी करा, तिथे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बरेच स्वस्त असतात. आमच्या भागात कराड आणि सांगलीला अशी कॉलेजं आहेत. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

थोडक्यात

झोपण्याआधी आणि सकाळी, दोन-दोन मिनिटं ब्रश. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, टंग क्लीनर, दिवसातून एकदा फ्लॉस. गोड जे काही असेल ते जेवणाजवळ, आणि पटकन संपवा. महिन्यातून एकदा टॉर्च. सहा महिन्यांनी किंवा किमान वर्षातून एकदा डॉक्टर.

सुरुवात करायची असेल तर आज फक्त मोजा. सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काहीही गेलं की फोनच्या नोट्समध्ये एक रेघ मारा. रात्री रेघा मोजा आणि ४० ने गुणा. माझ्या नऊ होत्या, आता पाच आहेत. आणि थंड पाणी प्यायल्यावर एखाद्या दाढेत सळक मारत असेल, तर डावी-उजवी बाजू बदलून चावत बसू नका. याच आठवड्यात दाखवून या.